डिग्री की हाताला वळण? नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

एका आईने विचारलं आहे: "मुलगी बारावी सायन्स झाली, ५८ टक्के पडले. तिला नर्स व्हायचंय. तालुक्यातले आमचे डॉक्टर म्हणतात, चार वर्षं आणि एवढे पैसे कशाला घालवता, माझ्या हॉस्पिटलला पाठवा, दोन वर्षांत तयार करून देतो, वर पगारही देतो. नातेवाईक म्हणतात बीएस्सीच करा. नर्सिंग हे हाताचं काम आहे ना? मग डिग्रीचा उपयोग काय?"

ताई, जिथे दुमत व्हायला जागाच नाही ते आधी सांगते. मुलीला त्या हॉस्पिटलला शिकायला पाठवू नका. डॉक्टरांच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. ते शिकवतीलही. इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला, ड्रेसिंग करायला, ऑपरेशन थिएटरात ट्रॉली मांडायला ती शिकेल. पण दोन वर्षांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिचं नाव लागणार नाही. तिथे नाव लागतं ते मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम (आरोग्यसेविकेचा दोन वर्षांचा कोर्स), जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग (चार वर्षांची डिग्री) पास झालेल्यांचंच. नोंदणी नाही म्हणजे सरकारी जागा नाही, चांगल्या खासगी हॉस्पिटलात नोकरी नाही, परदेशाचं तर नावच नको. ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडेच, ते देतील त्या पगारावर राहायचं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि उद्या एखाद्या रुग्णाला काही झालं, तर पहिला प्रश्न हाच निघतो की त्या वेळी खाटेपाशी कोण होतं आणि तिची नोंदणी आहे का. नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे आणि त्यात अर्हताप्राप्त परिचारिकेची अट आहे. ती अट पाळायचा खर्च वाचावा म्हणून कित्येक ठिकाणी अशा मुली भरल्या जातात. जबाबदारी नर्सची, पगार मावशीचा, आणि संरक्षण कुणाचंच नाही.

सहा महिन्यांच्या, वर्षभराच्या 'नर्सिंग असिस्टंट', 'रुग्णसहायक', 'जनरल ड्यूटी असिस्टंट' अशा कोर्सचंही तेच. ते कोर्स वाईट नाहीत. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला अशी माणसं हवीच आहेत. पण त्या वाटेने नर्स होता येत नाही, आणि जाहिरातीत मात्र 'नर्सिंग कोर्स' एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून, मग परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून आणि नंतर विद्यार्थिनींना शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. जुन्या सिस्टर म्हणतात, "आजकालच्या बीएस्सीच्या पोरींना साधा बेड करता येत नाही." कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, "जीएनएमवाल्या सांगितलेलं करतात, का करतात ते विचारत नाहीत." दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. मात्र डिग्री आणि डिप्लोमा यांची तुलना करून त्यातून उत्तर निघत नाही. शिकताना त्या मुलीच्या मागे कोण उभं होतं आणि समोर खरे रुग्ण किती होते, यावर ती कशी नर्स होईल ते ठरतं.

हाताच्या बाजूने सगळ्यात भक्कम दाखला आपल्याच गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळ गार पडलंय का, दूध ओढतंय का, श्वास जास्त लागतोय का हे पाहायचं, वजन करायचं, जंतुसंसर्गाची खूण दिसली तर ठरलेलं औषध द्यायचं. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं. त्याआधी १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांमधून गावाच्या आरोग्यसेविका घडवल्या होत्या. या बायकांपैकी कुणाकडेच डिग्री नव्हती.

मग डिग्री हवी कशाला? हा दाखला मी वर्गात नेहमी देते आणि त्याबरोबर दोन गोष्टी लक्षात आणून देते. एक, त्या बायकांचं काम आखून दिलेलं होतं. काय पाहायचं, किती आकडा दिसला तर काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं ठरलेलं. दोन, त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. कुणीतरी येऊन त्यांच्या नोंदी तपासत होतं, बाळ पुन्हा बघत होतं, चुकलं तिथे शिकवत होतं. पन्नास-पन्नास मुलींच्या कित्येक नर्सिंग कॉलेजांत मिळत नाही इतकं जवळून शिकवणं त्यांना मिळालं.

वॉर्डात काम आखून दिलेलं नसतं. एका खाटेवर मधुमेहाचा पाय, शेजारी पोटाचं ऑपरेशन झालेला, पलीकडे दम्याची आजी, कोपऱ्यात कालच रक्त चढवलेली मुलगी. यातला कोण रात्रीत बिघडणार हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. लोक म्हणतात, भाकरी काही पुस्तक वाचून थापता येत नाही. खरं आहे. पण इथे रोज पीठ वेगळं, तवा वेगळा, आणि करपलेली भाकरी बाजूला ठेवून दुसरी थापायची सोय नाही.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटचंही इन्सुलिन येतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये ओढलं तर खुणेवर १० दिसतात आणि रुग्णाच्या अंगात २५ युनिट जातात. सुई टोचायची सफाई दोघींची सारखीच असेल. एकीला टोपीचा रंग का वेगळा हे माहीत आहे, दुसरीला माहीत नाही. पहाटे तीन वाजता घामाने थबथबून बेशुद्ध झालेला रुग्ण यातल्या दुसरीच्या वाट्याला येतो.

माझ्याकडे जीएनएमला एक मुलगी आली होती, तिने आधी एका खासगी नर्सिंग होममध्ये दोन-तीन वर्षं काम केलेलं. तिचा हात असा की लहान बाळाच्या मनगटावरची बारीक शीर तिला डोळ्यांनी दिसायच्या आधी बोटाला कळायची. चोवीस नंबरची इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, एका झटक्यात आत. इतर मुली तिच्याकडे शिकायला जायच्या. तिच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर मात्र सगळ्या रुग्णांचे श्वास वीस. मी विचारलं, "मोजलेस का?" ती म्हणाली, "मॅडम, तिथे सगळ्यांचे वीसच लिहायचो." हे तिच्याच हॉस्पिटलात होत होतं असं नाही. राज्यभरातल्या वॉर्डांमध्ये चार्ट उघडून बघा, वीस आणि बावीसच्या रांगा दिसतील. मी तिला घड्याळ लावून, रुग्णाला न सांगता, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजायला लावलं. कारणही सांगितलं. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, फुफ्फुसात पाणी साचू लागलं, रक्तात आम्ल वाढलं की बीपी खूप उशिरा पडतं. श्वासाचा वेग त्याच्या कित्येक तास आधी वाढतो. ज्या आकड्याला आपण वीस लिहून मोकळे होतो तोच सगळ्यात आधी बोलतो.

पुढच्याच काही आठवड्यांत, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी निवांत झोपल्यासारख्या दिसणाऱ्या एका रुग्णाचे श्वास तिने चौतीस मोजले. बीपी ठीक, ताप नाही. तरी ती ड्यूटीवरच्या स्टाफला घेऊन आली आणि डॉक्टर येईपर्यंत हलली नाही. त्या रुग्णाला आयसीयूत वेळेवर हलवता आलं. तिच्या हाताची सफाई आधीही तेवढीच होती. नव्याने आलं होतं ते कारण.

याच्या उलट बाजूही सांगते, कारण डिग्रीवाल्यांनी यावर फार खूश होऊ नये. बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर बीपी वाढून झटके (फिट) येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट देतात. सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल, मग दर चार तासांनी पाच ग्रॅम. हे औषध बाईला वाचवतं आणि मोजमाप चुकलं तर मारतंही. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: हातोडीने ठोकल्यावर गुडघ्याचा झटका (रिफ्लेक्स) येतो का, श्वास मिनिटाला किमान सोळा आहेत का, लघवी तासाला किमान तीस मिली होते का. ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवायचं. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते साचतं. साचलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो, मग हृदय. हा क्रम ज्या स्टाफला पाठ आहे ती रात्री दोन वाजता, केसपेपरवर 'दर चार तासांनी' असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं असतानाही, डोस थांबवून फोन लावते.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या एका हुशार मुलीने लेबर रूममध्ये मला हे सगळं घडाघडा सांगितलं. काळजात अभिमान दाटून यावा असं उत्तर. मग तिने बाईच्या गुडघ्यावर हातोडी ठोकली. झटका आला नाही. पुन्हा ठोकली, नाही. ती वळून म्हणाली, "मॅडम, रिफ्लेक्स नाही, डोस नको द्यायला." बाई घाबरलेली, पाय काठीसारखा ताठ, आणि हातोडी पडत होती वाटीच्या हाडावर. लेबर रूमच्या जुन्या सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी बाईच्या गुडघ्याखाली आपला हात घालून पाय अलगद उचलला, "माहेर कुठलं गं तुझं?" म्हणून विचारलं, बाई बोलू लागली, पाय सैल पडला, आणि सिस्टरांनी वाटीच्या खाली बोटभर अंतरावर हलकेच ठोकलं. पाय टुणकन उडाला. डोस दिला गेला. तो रोखला असता तर त्या बाईला पुन्हा फिट येऊ शकली असती, आणि पोटातल्या बाळासकट दोघांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. त्या मुलीने पुस्तकात वाचलं होतं, मैत्रिणीच्या गुडघ्यावर करूनही बघितलं होतं. घाबरलेल्या बाईच्या ताठ पायावर करायला तिला चार वर्षांत कुणी उभं केलं नव्हतं.

जुन्या सिस्टरांची डिग्री विचाराल तर त्या एएनएमपासून सुरू करून पुढे जीएनएम झालेल्या. पण त्यांनाही ते कुणीतरी शिकवलं होतं, आणि त्या आता तिला शिकवत होत्या. मला वाटतं नर्सिंगचं शिक्षण खऱ्या अर्थाने तिथे होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच नर्स अरुणा शानबाग, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता आणि २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. चार दशकांत त्या वॉर्डात नर्सच्या किती पिढ्या बदलल्या असतील. दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी कुठे लाल पडतेय ते बघायचं, चादरीची सुरकुती काढायची, भरवताना ठसका लागू द्यायचा नाही, हे एकीने दुसरीच्या हाती दिलं म्हणून टिकलं. दाबाखाली कातडीचं रक्त थांबतं आणि पेशी मरतात, हे कळल्याशिवाय एवढं सातत्य कुणाकडूनही राहत नाही.

नाइटिंगेल बाईंचं नाव आपल्याकडे दिव्यासकट घेतलं जातं, सेवाभावाचं प्रतीक म्हणून. क्रिमियाच्या युद्धातून परत आल्यावर त्यांनी काय केलं ते फार कमी वेळा सांगतात. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी मेले हे त्यांनी आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं, त्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य. आणि १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी शाळा काढली ती हॉस्पिटलच्या आतच. आपल्याकडे विद्यापीठाची नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली.

डिग्रीच्या बाजूचा पुरावाही मांडते. संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवलं की पदवीधर नर्सचं प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढलं की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत, ३०० रुग्णालयांत आणि चार लाखांवर रुग्णांवर तसंच दिसलं, तिथे फरक सात टक्क्यांचा. हे आकडे मी गंभीरपणे घेते. पण आपल्याकडे परिषदांमध्ये ते वाचून दाखवताना दोन गोष्टी गाळल्या जातात. त्याच २०१४ च्या अभ्यासात असंही निघालं की एका नर्सवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांना एक, इतर रुग्णालयात पाच रुग्णांना एक आणि आयसीयूत एकास एक असं आहे. तीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकटीने ड्यूटी केलेल्या कुठल्याही स्टाफला विचारा, हे मानक तिने कधी पाहिलं का. तिला पीएचडी दिली तरी चाळीस जणांचे श्वास पूर्ण मिनिट मोजायला चाळीस मिनिटं लागणारच.

दुसरी गाळलेली गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. युरोपच्या नियमांत नर्सचं शिक्षण किमान ४६०० तासांचं आणि त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. इंग्लंडने २०१३ पासून नर्ससाठी डिग्री सक्तीची केली, आणि तिथेही प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाचे २३०० तास भरल्याशिवाय डिग्री मिळत नाही. जर्मनीत आजही बहुसंख्य नर्स तीन वर्षांच्या व्यावसायिक प्रशिक्षणातून येतात. एकीकडे डिग्री, दुसरीकडे प्रशिक्षण, पण दोन्हीकडे मुलगी निम्मा वेळ खाटेपाशी असते, आणि ते तास कुणी मोजून घेतं.

आपल्याकडे ते तास लॉगबुकात असतात. मी हे रागाने लिहिते आहे. कागदावर शंभर खाटांचं स्वतःचं रुग्णालय, आणि तपासणीच्या दिवशी गावातून माणसं आणून खाटांवर झोपवलेली. मुली सकाळी पोस्टिंगला म्हणून सिव्हिलला येतात, तीन कॉलेजच्या मिळून एका वॉर्डात साठ, रुग्ण तीस. भिंतीला टेकून उभ्या राहतात, केस प्रेझेंटेशनसाठी एकाच रुग्णाची हिस्टरी सहाजणी लिहून घेतात, आणि एक वाजता बस येते. बरोबर आलेल्या ट्यूटर स्वतः गेल्या वर्षी पास झालेल्या असतात. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची अवस्था अशी झाली की उच्च न्यायालयाला सीबीआयकडून तपासणी करून घ्यावी लागली, आणि त्या तपासातच लाच घेताना २०२४ मध्ये अधिकारी पकडले गेले. अशा कॉलेजची डिग्री घेऊन आलेली मुलगी पहिल्या नाइटला रडते तेव्हा दोष तिचा नसतो. तिच्या आईबापांनी चार वर्षं फी भरली, आणि जिथे शिकायचं त्या जागी तिला कुणी नेलंच नाही.

जुन्या पद्धतीचंही मला कौतुक करायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलांच्या नर्सिंग स्कूलमधून हाताने पक्क्या मुली निघाल्या हे खरं, पण विद्यार्थिनींना स्टाफ म्हणून राबवून घेणं हा त्याचाच भाग होता. तुटपुंजा स्टायपेंड, नाइट एकटीला, शिकवणं राहून गेलं तर राहून गेलं. 'काम करून शिकते' या नावाखाली स्वस्तात काम करून घेणं फार सोपं असतं, आणि तुमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांचा प्रस्ताव त्याच जातीचा आहे.

माझं मत विचाराल तर पुढच्या पिढीत स्टाफ नर्सची सुरुवात बीएस्सीपासूनच व्हावी. वॉर्डातली औषधं, यंत्रं, रुग्णांची वयं आणि एकाच वेळी असलेले आजार पाहता तीन वर्षांत ते मावत नाही. शिवाय राउंडमध्ये "सर, हा डोस जास्त वाटतो" असं म्हणायला जो आधार लागतो तो शास्त्र पक्कं असल्याशिवाय येत नाही. पण आज, या क्षणी, मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या स्कूलमधली जीएनएम मला रुग्ण नसलेल्या कॉलेजच्या बीएस्सीपेक्षा कधीही जास्त चालेल. सरकारनेही हे एका अर्थी मान्य केलंय. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बीएस्सी थेट बसू शकते, आणि जीएनएमला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे अनुभव मोजला जातो, फक्त तो नोंदणी झाल्यानंतरचा आणि खऱ्या रुग्णालयातला हवा.

आता तुमच्या लेकीपुरतं. सायन्स म्हणजे बायोलॉजी घेतलं होतं ना, ते आधी बघा. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे, आणि सीईटी द्यावी लागते. बायोलॉजी नसेल तर जीएनएम करता येतं. त्याला बारावी कुठल्याही शाखेची ४० टक्क्यांनी चालते, आणि पुढे नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री मिळते. त्या वाटेने गेलेल्या माझ्या कित्येक विद्यार्थिनी आज पाठ्यनिर्देशिका, म्हणजे ट्यूटर, आहेत, एक-दोघी सहायक अधिसेविका, म्हणजे सहायक मेट्रन. मध्यंतरी जीएनएम बंद होणार अशी चर्चा फार होती, त्यामुळे घाबरू नका, कोर्स चालू आहे. एएनएम दोन वर्षांचं असतं आणि ते उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेच्या कामासाठी आहे. गावपातळीवर काम करायची तिची मनापासून इच्छा असेल तर जरूर करावं, हॉस्पिटलात स्टाफ नर्स व्हायचं असेल तर नको.

सरकारी संस्थेत नंबर लागला तर बीएस्सी असो की जीएनएम, डोळे मिटून घ्या. खासगीत जायची वेळ आली तर प्रवेशाआधी कॉलेजला जाऊ नका, त्यांच्या हॉस्पिटलला जा. सकाळी अकराच्या सुमाराला, न सांगता. ओपीडीत रांग आहे का बघा. वॉर्डात खाटांवर माणसं आहेत का, त्यांचे नातेवाईक बाहेर डबे घेऊन बसलेत का बघा. रुग्णालय चालू असेल तर ते लपत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि विचारा: तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस? नाइट पोस्टिंग असते का? वॉर्डात तुमच्याबरोबर मॅडम येतात की तुम्हीच जाता? कॅथेटर टाकलास तेव्हा शेजारी कोण होतं? या मुली खरं सांगतात. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का ते स्वतः तपासा, मान्यता दरवर्षी बघावी लागते. बीएस्सी असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे नाशिकची, संलग्नता विचारा. अभिमत विद्यापीठाचं कॉलेज असेल तर त्याची स्वतःची परीक्षा असते, तिथे फी जास्त असते, पण काहींची रुग्णालयं खरोखर मोठी आहेत.

परदेशाचं स्वप्न असेल तर बीएस्सी करा, वाट सोपी होते. पण तिथेही चांगल्या रुग्णालयातला अनुभव आणि भाषा यांच्याशिवाय सहसा कुणी दारात उभं करत नाही. जर्मनीसाठी मुली जीएनएम करता करताच जर्मन शिकायला लागल्या आहेत, ते शहाणपणाचं आहे.

आणि पास झाल्यावरचं पहिलं वर्ष. त्या वर्षाकडे आईवडील पगार म्हणून बघतात, तसं बघू नका. पगार दोन हजार कमी असला तरी चालेल, पण जिथे नव्या मुलीला आधी सिनियरच्या बरोबर ड्यूटी देतात, ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती (ओव्हर) खाटेपाशी उभं राहून देतात-घेतात आणि औषध मोजताना दुसरी बघते, तिथे तिला घाला. मुलाखतीतच विचारायला सांगा: एकटीला नाइट कधीपासून? पहिल्या आठवड्यापासून आयसीयूत एकटी, असं उत्तर आलं तर उठून यायचं. बॉन्डवर सही घेत असतील तर वाचून करायची, आणि मार्कशीट, रजिस्ट्रेशन यांची मूळ प्रत कुठल्याही हॉस्पिटलकडे ठेवायची नाही. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घरी आणायचे.